एकच हिशेब, तीन सॉफ्टवेअर: स्प्रेडशीटची फाइल न बिघडवता एक्सेल, कॅल्क आणि गूगल शीट्समध्ये कशी फिरवायची

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब मी बघतो. फाइल एक आणि ती उघडणारी माणसं तीन. सेक्रेटरींकडे मायक्रोसॉफ्टचं विकतचं ऑफिस म्हणजे एक्सेल, माझ्या लॅपटॉपवर लिनक्स म्हणून फुकटचं लिब्रेऑफिस, ज्यातल्या स्प्रेडशीटचं नाव कॅल्क, आणि अध्यक्ष काका सगळं मोबाइलवरच बघतात. एका मार्चअखेरीला ही फाइल तिघांकडे फिरून परत आली तेव्हा थकबाकीच्या कॉलममधले फॉर्म्युले गेलेले होते, त्यांच्या जागी नुसते आकडे उरलेले, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही कारण आकडे दिसायला बरोबरच होते. एप्रिलमध्ये लोकांनी पैसे भरले, मी एन्ट्र्या केल्या, पण थकबाकी काही कमी होईना. चुकीची स्मरणपत्रं गेली, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पावती हातात घेऊन माझ्या दारात आल्या. त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी हा फाइल फॉरमॅटचा विषय मुळापासून शिकून घेतला, तोच इथे लिहितोय. सोसायटी, बचत गट, शाळा, गणेश मंडळ, छोटं दुकान, जिथे जिथे एक फाइल चार हातांत जाते तिथे हे उपयोगी पडेल.

आधी फाइल आतून कशी असते ते एकदा डोळ्यांनी बघाच, पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या एक्सएलएसएक्स फाइलची, म्हणजे एक्सेलच्या आजच्या नेहमीच्या फॉरमॅटमधल्या फाइलची, एक कॉपी करा, तिच्या नावाचा शेवट बदलून झिप करा आणि उघडा. आत फोल्डर दिसतील, एका फोल्डरमध्ये प्रत्येक शीटची वेगळी एक्सएमएल फाइल (खुणा घातलेला साधा मजकूर), आणि एका वेगळ्या फाइलमध्ये तुम्ही टाइप केलेली सगळी नावं-शब्द एकत्र ठेवलेले. लिब्रेऑफिसच्या ओडीएस फाइलचंही तसंच, तीही झिपच, फक्त तिथे सगळ्या शीटचा मजकूर एकाच 'कंटेंट' नावाच्या एक्सएमएलमध्ये असतो. साध्या नोटपॅडमध्ये उघडलं तरी तुमच्या सभासदांची नावं वाचता येतात. आता एक्सेलची जुनी एक्सएलएस फाइल अशी उघडून बघा, काही हाती लागणार नाही, कारण ती बायनरी आहे, म्हणजे मजकूर म्हणून वाचता न येणारी. तिची रचना कशी असते याची कागदपत्रं मायक्रोसॉफ्टने 2008 मध्ये सगळ्यांसाठी खुली केली, तोवर बाकीच्या सॉफ्टवेअरवाल्यांना बरंचसं अंदाजाने शोधून काढावं लागलं होतं.

या आत डोकावण्यातून एक गोष्ट कळते जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक्सएलएसएक्समध्ये फॉर्म्युला असलेल्या सेलमध्ये दोन गोष्टी साठवलेल्या असतात, एक तो फॉर्म्युला आणि दुसरं त्याचं शेवटचं उत्तर. मोबाइलवरचा नुसता फाइल दाखवणारा अ‍ॅप ते साठवलेलं उत्तरच दाखवतो, स्वतः गणित करत नाही. लिब्रेऑफिससुद्धा एक्सेलमधून आलेली फाइल उघडताना सहसा तेच उत्तर घेतं, पुन्हा हिशेब करत बसत नाही, म्हणजे फाइल लवकर उघडते. म्हणून दुसऱ्याकडून आलेली फाइल कॅल्कमध्ये उघडली की मी आधी कंट्रोल-शिफ्ट-एफ9 दाबतो, त्याने सगळी शीट नव्याने मोजली जाते आणि काही बिघडलेलं असेल तर तिथेच एरर दिसते. हे दरवेळी आपोआप व्हायला हवं असेल तर टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस कॅल्क, फॉर्म्युला इथे जाऊन 'फाइल लोड होताना पुन्हा मोजणी' हे 'ऑलवेज' करून ठेवा. मोठी फाइल थोडी हळू उघडेल, चालतं.

जुन्या एक्सएलएसचा विषय निघालाय तर तो संपवूनच टाकू. तुमच्याकडे अजून कुणी एक्सएलएस पाठवत असेल तर तिला आजच नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. त्या फॉरमॅटमध्ये एका शीटमध्ये 65,536 ओळी आणि 256 कॉलम एवढंच मावतं, 2007 च्या ऑफिसबरोबर आलेल्या एक्सएलएसएक्समध्ये 10,48,576 ओळी आणि 16,384 कॉलम. तुम्ही म्हणाल सोसायटीच्या हिशेबाला एवढ्या ओळी कशाला लागतात, खरंय, पण इंग्लंडमध्ये काय झालं ते ऐका. 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेकडे कोरोना चाचण्यांचे निकाल लॅबकडून सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) येत होते आणि इकडे ते एक्सएलएसच्या साच्यात भरले जात होते. एका रुग्णाला अनेक ओळी लागायच्या, शीट भरली की पुढच्या ओळी गळून पडायच्या. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातले 15,841 पॉझिटिव्ह रुग्ण रोजच्या आकड्यात आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्या लोकांना कळवायला उशीर झाला. म्हणून फॉरमॅटचा प्रश्न मी किरकोळ मानत नाही.

आता ओडीएस की एक्सएलएसएक्स. दोन्ही कागदोपत्री खुली मानकं आहेत. ओडीएफ, ज्यातली स्प्रेडशीट म्हणजे ओडीएस, 2005 मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मंजूर केलं आणि 2006 मध्ये ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक झालं. मायक्रोसॉफ्टचं ओओएक्सएमएल, ज्यातली स्प्रेडशीट म्हणजे एक्सएलएसएक्स, 2006 मध्ये एक्मा या दुसऱ्या मानक संस्थेने मंजूर केलं आणि 2008 मध्ये आयएसओने, त्यावर जगभर मोठा वाद झाला होता आणि भारताने 2007 च्या मतदानात विरोधात मत दिलं होतं. ओओएक्सएमएलचे दोन प्रकार आहेत, स्ट्रिक्ट आणि ट्रान्झिशनल, आणि एक्सेल नेहमीच्या 'सेव्ह'मध्ये वापरतं तो ट्रान्झिशनल, ज्यात जुन्या सॉफ्टवेअरच्या सवयी सांभाळण्यासाठी बरंच काही ठेवलंय. ओडीएफचीही सुरुवातीला एक मोठी उणीव होती, त्यात फॉर्म्युला कसा लिहायचा हेच ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे 2009 मध्ये ऑफिस 2007 ला सर्व्हिस पॅक 2 मधून ओडीएस उघडता यायला लागलं तेव्हा ओपनऑफिसमधून (लिब्रेऑफिस ज्यातून निघालं ते सॉफ्टवेअर) आलेल्या फाइलचे फॉर्म्युले गायब होऊन नुसती उत्तरं उरायची. 2011 च्या ओडीएफ 1.2 मध्ये फॉर्म्युल्याची भाषा ठरली, आणि एक्सेल 2013 पासून ही आवृत्ती चालते. म्हणजे कुणी एक्सेल 2007 किंवा 2010 वर ओडीएस उघडत असेल तर त्यांना ओडीएस पाठवूच नका.

माझं मत स्पष्ट सांगतो. कुठला फॉरमॅट निवडलात यापेक्षा जास्त महत्त्वाचं हे की मूळ फाइल एकच असली पाहिजे, एकाच फॉरमॅटमध्ये, आणि एकाच सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह झाली पाहिजे. बाकी सगळ्या कॉप्या. आमच्याकडे मूळ फाइल माझ्याकडे ओडीएसमध्ये असते. सेक्रेटरींना एक्सएलएसएक्स कॉपी जाते, त्यांनी त्यात काही बदल केला तर ते मला कुठल्या सेलमध्ये काय ते सांगतात आणि मी मूळ फाइलमध्ये करतो. अध्यक्षांना पीडीएफ, त्यांना फक्त बघायचंच असतं. आधी हे सगळ्यांना कटकटीचं वाटलं, पण फाइल ओडीएसमधून एक्सएलएसएक्स, मग पुन्हा ओडीएस अशी मागे-पुढे फिरवली की प्रत्येक फेरीत थोडं थोडं गळतं, कधी कंडिशनल फॉरमॅटिंगचे (आकड्याप्रमाणे सेलचा रंग बदलण्याचे) नियम दुप्पट होतात, कधी चार्टचे रंग बदलतात, कधी ड्रॉपडाउन जातो. तुमच्याकडे बहुतेक जण एक्सेलवाले असतील तर मूळ फाइल सरळ एक्सएलएसएक्स ठेवा. लिब्रेऑफिसवाल्याने मग टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह, जनरल इथे स्प्रेडशीटचा नेहमीचा फॉरमॅट एक्सेलचा करून ठेवावा, आणि सेव्ह करताना 'हाच फॉरमॅट ठेवा की ओडीएफ वापरा' असं विचारलं तर न चुकता 'हाच ठेवा' म्हणावं.

फॉर्म्युल्यांबद्दल. बेरीज, इफ, सम-इफ, काउंट-इफ, व्ही-लुकअप, इंडेक्स-मॅच, राउंड ही जुनी मंडळी सगळीकडे चालतात, यांच्यावरच हिशेब उभा करा. नवीन फंक्शन वापरायचं असेल तर समोरच्याचं व्हर्जन आधी विचारा. एक्स-लुकअप एक्सेल 2021 आणि 365 मध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये ते 24.8 पासून आलं, त्याच व्हर्जनमध्ये फिल्टर, सॉर्ट, युनिक, लेट हेही आले. एक्सेल 2016 किंवा 2019 वर अशी फाइल उघडली तर आकडा दिसतो पण फॉर्म्युल्याच्या नावापुढे एक विचित्र उपसर्ग लागलेला असतो, आणि त्या सेलला हात लावला की '#NAME?' अशी एरर. समोरच्याला वाटतं फाइल खराब आहे. गूगल शीट्समध्ये क्वेरी आणि इम्पोर्ट-रेंज अशी फंक्शनं आहेत जी फक्त तिथेच चालतात, एक्सएलएसएक्समध्ये डाउनलोड केल्यावर त्या जागी एक खोटा फॉर्म्युला आणि शेवटचं उत्तर एवढंच येतं. आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी फॉर्म्युला पाठवला आणि तो कॅल्कमध्ये चालत नसेल तर घाबरू नका, दुसऱ्या शीटचं नाव लिहिताना एक्सेल उद्गारचिन्ह लावतं आणि कॅल्क टिंब, एवढाच फरक असतो बऱ्याचदा. फाइल उघडताना हे आपोआप बदलतं, हाताने चिकटवताना नाही. ऑप्शन्समध्ये फॉर्म्युल्याची पद्धत 'एक्सेल ए1' करता येते.

मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्राम, असतील तर मी सरळ सांगतो, ते दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालतील असं गृहीत धरू नका. प्रत्येकाची भाषा वेगळी: एक्सेलचे व्हीबीएमध्ये, लिब्रेऑफिसचे स्वतःच्या बेसिकमध्ये, गूगलचे अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये. लिब्रेऑफिसला थोडंफार व्हीबीए कळतं पण पूर्ण नाही. आयकर खात्याची रिटर्न भरायची एक्सेल युटिलिटी मॅक्रोवर चालते, ती कॅल्कमध्ये उघडून वेळ घालवू नका, तिथे एक्सेलच लागतं.

आता मला सगळ्यात जास्त छळलेली गोष्ट, तारखा आणि तारखा नसलेल्या तारखा. आमच्याकडे फ्लॅट नंबर 3-4, 5-2 असे लिहायची पद्धत होती, विंग आणि फ्लॅट. तसा नंबर साध्या सेलमध्ये टाइप केला की सॉफ्टवेअर त्याची तारीख करून टाकतं. एकदा तारीख झाली की आत फक्त एक आकडा उरतो, परत मूळ 3-4 मिळत नाही. हे एवढं सगळीकडे होतं की माणसाच्या जीन्सना नावं देणाऱ्या समितीने काही जीन्सची नावंच बदलली, कारण मार्च1 आणि सेप्ट2 अशी नावं शीटमध्ये तारखा व्हायची, याबद्दलचे नवे नियम 2020 मध्ये आले. उपाय साधा आहे पण आधी करायचा असतो: कॉलम निवडा, त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा, आणि मगच टाइप करायला घ्या. फ्लॅट नंबर, बँक खाते नंबर, चेक नंबर, 022 किंवा 020 ने सुरू होणारे लँडलाइन नंबर, आधार नंबर, सगळे टेक्स्ट. यांची बेरीज कुणी करत नाही. खाते नंबर टेक्स्ट का, तर आकडा म्हणून लिहिलात तर पुढची शून्यं जातात आणि एक्सेल 15 अंकांपर्यंतच अचूक ठेवतं, 16 अंकी नंबरचा शेवटचा अंक शून्य होतो. शून्य! चुकीच्या खात्यावर पैसे पाठवायची वेळ येऊ शकते.

खऱ्या तारखाही आतून दिवसांचा आकडाच असतात. एक्सेलच्या मोजणीत 1 जानेवारी 1900 म्हणजे 1, आणि 1900 हे लीप वर्ष धरलंय जे खरं नव्हतं, लोटस 1-2-3 या जुन्या स्प्रेडशीट सॉफ्टवेअरशी जुळावं म्हणून ती चूक मुद्दाम ठेवली गेली. कॅल्क 30 डिसेंबर 1899 पासून मोजतं, त्यामुळे 1 मार्च 1900 नंतरच्या सगळ्या तारखा जुळतात, काळजी नको. जुन्या मॅकवर केलेली फाइल मात्र 1904 पासून मोजणारी असू शकते, तिच्यातल्या तारखा दुसरीकडे कॉपी केल्यावर बरोबर 1,462 दिवसांनी, म्हणजे चार वर्षं एका दिवसाने सरकल्या तर कारण हेच. परदेशातल्या सभासदाचा कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर असेल तर 05/03 ला तो 3 मे समजेल. दुसऱ्याला फाइल पाठवताना मी तारखेचा फॉरमॅट आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा ठेवतो, 2024-03-05, यात गोंधळाला जागा नाही.

मराठी नावांचं वेगळं सांगायला हवं. जुनी फाइल श्रीलिपी, कृतीदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर ती मुळात मराठी नाहीच, आत इंग्रजी अक्षरांचे कोड आहेत आणि फॉन्ट त्यांना मराठीसारखं दाखवतो. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की नुसती कचऱ्यासारखी अक्षरं. फॉरमॅट कितीही खुला घेतलात तरी हे सुटत नाही, आधी नावं युनिकोडमध्ये, म्हणजे ज्यात मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असतात त्या पद्धतीत, बदलून घ्या, बदलल्यावर प्रत्येक नाव मतदार यादी तपासतात तसं एकेक वाचा कारण जोडाक्षरं आणि रफार चुकतात. युनिकोडमध्ये आल्यावर मग फॉन्टचा प्रश्न फक्त दिसण्याचा राहतो. विंडोजवर मंगल किंवा निर्मला असतो, लिनक्सवर लोहित किंवा नोटो, रुंदी थोडी वेगळी असल्यामुळे छापताना शेवटचा कॉलम दुसऱ्या पानावर जातो. सगळ्यांनी नोटो सान्स देवनागरी टाकून घेतला, तो फुकट आहे, तर हा त्रास बराच कमी होतो. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट वेगळा सेट होतो, ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून मराठी निवडा, नाहीतर फॉन्ट बदलला तरी फक्त इंग्रजी अक्षरं बदलतात.

लाख-कोटीचे स्वल्पविरामही जागा बदलतात. एक्सेल ते विंडोजच्या प्रदेशाच्या सेटिंगवरून घेतं, म्हणून तिथे प्रदेश भारत असायला हवा. कॅल्कमध्ये सेलच्या फॉरमॅटमध्येच #,##,##0 असं लिहिता येतं. आतला आकडा तोच राहतो, फक्त दिसायला 12,50,000 च्या जागी 1,250,000 दिसतं, आणि सभेत एखादे ज्येष्ठ सभासद ते वाचताना अडखळतात, म्हणून मी सभेला पीडीएफच नेतो.

सीएसव्ही म्हणजे सगळ्यात साधा आणि सगळ्यात टिकाऊ, साधा मजकूर आणि मध्ये स्वल्पविराम. पण त्यात फॉर्म्युले नाहीत, रंग नाहीत, आणि फक्त चालू असलेली एकच शीट सेव्ह होते. दोन सापळे आहेत. पहिला, सेव्ह करताना एक्सेल सेलमध्ये जे दिसतंय तेच लिहितं, मोठा आकडा घातांकात दिसत असेल तर फाइलमध्ये तसाच अर्धवट जातो, म्हणून आधी कॉलम टेक्स्ट हवा. दुसरा, डबल क्लिक करून उघडणं. तसं उघडलं की पुढची शून्यं जातात आणि मराठीचं वाटोळं होऊ शकतं. एक्सेलमध्ये कोरी शीट उघडून डेटा टॅबमधून 'टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून' आणा, एन्कोडिंग यूटीएफ-8 (युनिकोड साठवायची पद्धत) निवडा, नंबरांचे कॉलम टेक्स्ट करा. कॅल्क स्वतःच एक खिडकी उघडून हे सगळं विचारतं, तिथे घाईने ओके दाबू नका. एक्सेलमधून सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-8' हाच पर्याय घ्या, साधा सीएसव्ही नको.

गूगल शीट्स एकत्र काम करायला छान आहे, मीही वर्गणी गोळा करताना वापरतो, पण लक्षात घ्या की तिथे तुमच्या हातात फाइल नसते. कॉम्प्युटरवर दिसणारी गूगल शीटची फाइल म्हणजे फक्त एक दुवा असतो, ती पेनड्राइव्हवर कॉपी करून हिशेब जपला असं समजू नका. महिन्याला एकदा एक्सएलएसएक्स किंवा ओडीएसमध्ये डाउनलोड करा.

फाइल पाठवण्याआधी आणि परत आल्यावर मी एक तपासणी करतो, दहा मिनिटं लागतात. फाइलमध्ये 'तपासणी' नावाची एक शीट आहे, तिच्यात एकूण जमा, एकूण थकबाकी आणि सभासदांची संख्या हाताने टाइप केलेली आणि शेजारी फॉर्म्युल्याने आलेली. पाठवताना दोन्ही जुळवतो, परत आल्यावर पुन्हा. मग कंट्रोल धरून 1 च्या डावीकडची ती तिरक्या खुणेची की दाबतो, तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये याने उत्तरांच्या जागी फॉर्म्युले दिसतात, ज्या सेलमध्ये नुसता आकडा दिसेल तिथे गडबड. कॅल्कमध्ये कंट्रोल-एफ8 त्याहून सोपं, टाइप केलेले आकडे निळे, मजकूर काळा आणि फॉर्म्युले हिरवे होतात. थकबाकीचा अख्खा कॉलम वरपासून खालपर्यंत हिरवा दिसला पाहिजे. त्या मार्चमध्ये हे माहीत असतं तर एका नजरेत कळलं असतं. शेवटी कुठल्या तरी एका सभासदाच्या नावावर खोटी 100 रुपयांची जमा टाकून बघतो, थकबाकी 100 ने कमी झाली की ती एन्ट्री काढून टाकतो.

आणि वर्ष संपलं, ऑडिट झालं, की त्या वर्षाच्या तीन कॉप्या एका फोल्डरमध्ये जातात: मूळ ओडीएस, प्रत्येक शीटची वेगळी सीएसव्ही आणि सह्या झालेल्या पानांची पीडीएफ. पासवर्ड काढून, कारण आठ वर्षांनी पासवर्ड कुणाला आठवणार, त्याऐवजी पेनड्राइव्हच सोसायटीच्या कपाटात कुलपात ठेवतो, आणि फोल्डरला वर्षाचं नाव देतो, 2023-24, असं, म्हणजे पुढच्या खजिनदाराला क्रमाने सापडेल.